चौघांपुरतं

मंगलची ड्यूटी पाचला संपायची, पण मिरजेच्या त्या दवाखान्यातून तिचा पाय वेळेवर कधी निघाला नाही. ती लॅबमध्ये होती. नेमकं निघताना कुणाचं तरी रक्त तपासायला यायचं. घरी पोचली की ओढणी कमरेला गुंडाळायची आणि उभ्या उभ्या चौघांच्या स्वयंपाकाला लागायचं. सासू राहीबाईंना तव्यावरची गरम भाकरीच लागायची. दहावीतल्या लेकीला, राणीला, भाकरी नकोच असायची. नवरा जयराज फौजेतून रिटायर होऊन एका कॉलेजात सिक्युरिटीला लागला होता. तो तिच्या आधी घरी यायचा, टीव्ही लावायचा आणि ती दारात दिसली की विचारायचा, "आज काय हाय?"

एकदा त्यानंच ते खूळ आणलं. सांगलीतल्या एका नव्या कंपनीचा खोका घरपोच यायचा. आत भाजी धुऊन चिरलेली, मसाल्याच्या चिमुकल्या पुड्या, मळण्यापुरतं मोजलेलं पीठ, आणि काय कधी टाकायचं ते सांगणारं रंगीत कार्ड. सगळं चार माणसांच्या मापाचं.

"रातचं जेवण आता माझ्याकडं," जयराज म्हणाला. "युनिटात जवानांच्या जेवणाचा लंगर सांभाळलाय मी. तू आलीस की नुसतं बसायचं."

मंगलला हसू आलं, पण त्यानं खरंच केलं. पहिल्या दिवशी पनीरची भाजी आणि जिराभात. सगळ्या भांड्यांचा पसारा झाला, कांदा थोडा करपला, पण त्यानं ताट वाढून तिच्यासमोर ठेवलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, आयतं ताट तिच्यापुढं माहेर सोडल्यापासून कुणी ठेवलं नव्हतं. करपलेला कांदासुद्धा तिनं निपटून खाल्ला.

"माझ्या लेकाच्या हाताला चव हाय," राहीबाई म्हणाल्या. मंगलला त्याचंही वाईट वाटलं नाही.

जयराजनं फोटो काढून भावकीच्या ग्रुपवर टाकला. दहिवडीपासून मुंबईपर्यंत सगळ्यांचे अंगठे आले. 'नवरा असावा तर असा,' नणंदेनं उंब्रजहून लिहिलं. मंगलनं ते दोनदा वाचलं.

पुढं त्याचा उत्साह ओसरला. कधी कॉलेजात कार्यक्रम असायचा, कधी पाठ धरायची. "आजच्या दिवस तू बघ की. चिरलेलं हाय, मोजलेलं हाय, नुसतं परतायचं तर हाय." आजच्या दिवसाचा रोजचा दिवस झाला. आधी निदान ती दमलीय हे घरात दिसायचं. आता ते दिसायचंही बंद झालं, कारण घरातल्यांच्या लेखी यात काम असं नव्हतंच. फोटो मात्र जयराज न चुकता काढायचा. तिनं केलेल्या भाजीवर कोथिंबीर भुरभुरायचा आणि ग्रुपवर लिहायचा, 'आजचा आपला मेनू.' लोक त्याला शाबासकी द्यायचे.

"बंद करू या हे," ती एकदा म्हणाली. "त्यापेक्षा माझी भाकरी बरी. निदान माझ्या मनानं होते."

"आता बंद केलं तर लोक काय म्हणतील? सगळ्यांना सांगून बसलोय मी."

अशात गावाकडून, माणमधून, कोंडीबानाना आले. जयराजचे चुलते. जयराजचा बाप लवकर गेला, तेव्हा या माणसानं पुतण्याला खांद्यावर घेऊन मेंढरांमागं रानं तुडवली, शाळेत घातलं, भरतीला स्वतः सोबत नेलं. त्यांच्या बायकोला, मनुबाईकाकींना, पोटातल्या गाठीसाठी मिरजेतल्याच दुसऱ्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. मंगल घरी पोचली तेव्हा नाना पटका मांडीवर ठेवून कोचाच्या कडेला बसले होते आणि जयराज त्यांना टीव्हीवरची मॅच समजावून सांगत होता. खोका ओट्यावर तसाच पडला होता.

"नाना, बसा, आत्ता भाकऱ्या टाकते," मंगल म्हणाली आणि आत जाऊन डबा उघडला. ज्वारीचं पीठ तळाला गेलेलं, त्यात पोरकिडे. खोके सुरू झाल्यापासून तिनं दळण आणलंच नव्हतं.

तिनं जयराजला आत बोलावलं. "कोपऱ्यावरच्या गिरणीतनं पीठ आणा. पटकन."

"आता कुठं पीठ? खोका हाय की. चौघांचं पाचात भागवायचं."

"नाना हायत ते."

"नाना काय परके हायत?" तो म्हणाला आणि मॅचकडं परत गेला.

त्या दिवशी खोक्यात भरायच्या ढबू मिरच्या होत्या. मोजून चार. चपात्यांची कणीक जेमतेम. तिनं भराभर केलं, नानांना, जयराजला, सासूला आणि राणीला वाढलं. नानांनी तिच्या रिकाम्या हाताकडं पाहिलं.

"तुझं ताट गं?"

"मी मागनं बसते, नाना. भूक न्हाई अजून."

नानांनी कढईत एकदा नजर टाकली. मिरचीला हात न लावता चपाती नुसत्या रश्शाला लावून खाल्ली. "मला ह्यी ढबू मिरची बाधती बाई, राणीला दे," म्हणाले, आणि दुसरी चपाती घेतलीच नाही. राहीबाईंनी दीराला आग्रह केला, पण आग्रहापुरतंसुद्धा भांड्यात काही नव्हतं.

निघताना त्यांनी कोपऱ्यातली कापडी पिशवी उचलली तेव्हा आत रिकामा डबा खडखडला. मंगल चपापली. काकींसाठी डबा न्यायला आले होते ते, आणि ताटं पाहून त्यांनी पिशवीतून तो काढलाच नव्हता.

"नाना, डबा द्या. मी करते काहीतरी, थांबा जरा."

"र्‍हाऊ दे. दवाखान्यात मिळतंय तिला," असं म्हणत ते जिना उतरलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी तिनं पहाटे उठून, शेजारणीकडून पीठ आणून डबा केला आणि कामावर जाण्याआधी त्या दवाखान्यात गेली. पलंगावर दुसरीच बाई होती. मनुबाईंना सोडलं होतं. तपासणीचा निकाल आला की परत या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

महिन्याभरानं नानांच्या धाकट्या मुलाचं, पप्पूचं, लग्न निघालं. हळदीला सगळी भावकी गावी जमली. मंगल बायकांत गेली तशी एकीनं तांदूळ निवडता निवडता विचारलं, "काय वं, तुमच्यात म्हनं मापात जेवत्यात?" बाकीच्या तोंडाला पदर लावून हसल्या. राहीबाई तिथंच होत्या. त्या सुपातले खडे वेचत राहिल्या.

दुपारी मांडवात पुरुषांच्या पंगती बसल्या. मंगल पाण्याचा जग घेऊन फिरत होती. नानांचा थोरला मुलगा नाथाजी जयराजच्या शेजारी बसला होता. आईच्या दुखण्यानं तो आधीच कावलेला.

"जयराज, एक इचारतो गड्या. माझ्या आईचा डबा तुझ्या घरनं रिकामा आला. हे बरं झालं का?"

जवळपासची माणसं ऐकू लागली. जयराज हसला. "मी काय करू रं? नोकरीवाली बायको केली. तिला चुलीपुढं उभं ऱ्हायचा कंटाळा. तिनंच लावलंय ते खोक्याचं खूळ."

मंगल त्याच्या पाठीमागं तीन पावलांवर होती. जग तिनं खाली ठेवला.

"कुणी लावलं, सांगा की नीट," ती म्हणाली. आवाज तिलाच अनोळखी वाटला. "खोका कुणी आणला? ग्रुपवर फोटो कोण टाकत होतं? नानांसाठी पीठ आणा म्हटलं, तवा मॅच सोडून कोण उठलं न्हाई?"

पंगत थांबली. जयराजचे कान लाल झाले, पण तो ताटातच बघत राहिला. स्वयंपाकाच्या मांडवातून राहीबाई तरातरा आल्या.

"चारचौघांत नवऱ्याची अब्रू काढतीस व्हय गं?"

मंगलनं नानांकडं पाहिलं. त्यांना सगळं माहीत होतं. त्या संध्याकाळी कोच आणि स्वयंपाकघर यांत नुसता पडदा होता, कोचावर बसून त्यांनी दोघांचं बोलणं ऐकलं होतं. नानांनी मान वर केली, तिच्याकडं बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

"जाऊ द्या आता. शुभकार्य हाय," ते म्हणाले. "सूनबाई, तू आत जा."

ती आत गेली. आतल्या बायका तिला वाट करून देण्यासाठी जरा जास्तच बाजूला सरकल्या.

परतीच्या गाडीत राहीबाई मागच्या सीटवर झोपेचं सोंग घेऊन होत्या. विटा गाव ओलांडल्यावर राणी हळूच म्हणाली, "आई, तू गप्प बसली असतीस तर काय झालं असतं? सगळे माझ्याकडं बघत होते." मंगलला वाटलं होतं, निदान ही पोरगी म्हणेल, आई खरं बोलली. ती खिडकीबाहेरच्या द्राक्षबागा बघत राहिली.

जयराजनं त्याच आठवड्यात खोका बंद केला. ग्रुपवर लिहिलं, 'शेवटी घरचं ते घरचं.' त्यालाही अंगठे आले.

मनुबाईंचे उपचार मिरजेतच चालले होते. नाथाजीनं दवाखान्याजवळ खोली घेतली होती. मंगल दोनदा भेटायला गेली. दोन्ही वेळा नाथाजीच्या बायकोनं खुर्ची दिली, चहा दिला आणि कशाचीही गरज नाही असं सांगितलं. तिसऱ्यांदा ती गेली नाही.

मग रात्रीच्या जेवणाला घरात नसावं म्हणून तिनं लॅबमध्ये संध्याकाळची पाळी मागून घेतली. ती कुणालाच नको असायची, लगेच मिळाली. दुपारी सगळ्यांचा स्वयंपाक करून, झाकून ती घराबाहेर पडायची. घरी कुणी का म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर ड्यूटीच तशी आहे, असं सांगायचं तिनं ठरवलं होतं. राणी शाळेला निघायची तेव्हा ती झोपलेली असायची, आणि ती परतायची तेव्हा राणी.

घरच्या जेवणाच्या वेळी एकदा राणीचा फोन आला. मंगलनं घाईघाईनं हातमोजा काढून फोन उचलला.

"आई, दही कुठाय?"

"फ्रिजमध्ये, खालच्या कप्प्यात. जेवलीस का गं?"

तोवर पलीकडून फोन ठेवला होता. तिनं नवा हातमोजा चढवला आणि समोरची रक्ताची नळी उचलली.