सहाव्या भागातला ड्रॅगन

मी शिंपी. वाचायचा मला कंटाळा, म्हणून बायको त्या विनोदी ड्रॅगनच्या कादंबऱ्या वाचायची आणि मी मशीनवर बसलो की गोष्ट सांगायची. पाचव्या भागानंतर लेखकाचा विनोद आटला, असं वाचनालयातल्या बाई म्हणायच्या. मी त्यांच्याशी भांडायचो. मला तर सहावाच सगळ्यांत जास्त आवडला होता.

बायको गेल्यावर मशीनपाशी बसवेना. तिची गोष्ट पुन्हा भेटावी म्हणून सहावा भाग आणला, आठवडाभर अक्षर अक्षर लावून वाचला. नुसत्या लढाया. मी तो परत घेऊन गेलो.

"बाई, यातली पानं गळलीत."

"सगळी आहेत, काका. पुस्तकच तसं आहे."

"अहो, पोट सुटलं म्हणून ड्रॅगन पट्टा सैल करायला शिंप्याकडे येतो. शिंपी म्हणतो, आधी शेपूट आत घे, दार लावायचंय. ते कुठाय?"

बाई खळखळून हसल्या आणि हसता हसता थांबल्या. "काका, शिंपी कुठल्याच भागात नाही."

मला कळायला थोडा वेळ लागला.

"पुढे काय होतं हो त्या शिंप्याचं?" त्यांनी हळूच विचारलं.

"माहीत नाही. सातवा यायच्या आधीच ती गेली."