काडी कोणी विझवायची

आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या उजव्या फुप्फुसात पाण्याची गाठ निघाली, तेव्हा त्यांनी आधी आमच्या गावच्या, कुहीच्या विहिरीला दोष दिला आणि मग मला. गाठ आतल्या आत फुटली तर जिवावर बेतेल, म्हणून त्यांना शहरात, धंतोलीतल्या एका दवाखान्यात आणलं. डॉक्टर म्हणाले, "आधी दम बघू. ऑपरेशननंतर जोरात खोकून कफ बाहेर टाकता आला पाहिजे. नाहीतर तो छातीतच साचेल आणि माणूस हातचा जाईल."

दम मोजायचं यंत्र तेव्हा तिथे नव्हतं. डॉक्टरांनी खिशातून काडेपेटी काढली. छातीचे डॉक्टर, पण त्याच खिशात सिगारेटचं पाकीटही होतं. काडी ओढून त्यांनी आत्याबाईंच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर धरली.

"मावशी, तोंड मोठ्ठं उघडा. ओठ न मिटता फुंकर मारा. विझवा."

आत्याबाईंनी आ वासला आणि तशाच बसल्या. काडी जळत जळत डॉक्टरांच्या बोटापर्यंत आली. दुसरीचंही तेच. तिसरीला डॉक्टरच "आई गं" म्हणाले.

"दम अजिबात नाही," बोट चोखत ते मला म्हणाले. "मी चाकू लावणार नाही. उद्या घरी न्या."

दम नाही? सकाळीच आत्याबाईंनी फाटकापाशी संत्रीवाल्याशी भांडून अख्खा रस्ता गोळा केला होता!

डॉक्टर गेल्यावर मी विचारलं, "आत्याबाई, काहून फुंकलं नाही?"

"आग तोंडानं विझवते का कोनी? उष्ट्या वाऱ्यानं? माही छाती उघडाले निघाला, अन् मलेच म्हन्ते जोत विझव! डाक्टर हाय का जमाचा दूत?"

"मी सांगते त्यांना."

"सांगशील तर माही शपथ हाय तुले. हसन तो मेला."

शपथ न सांगण्याची होती. न दाखवण्याची नव्हती.

मागच्या अंगणात पेशंटांचे नातेवाईक स्वयंपाक करत. संध्याकाळी मी आमची सिगडी नेमकी डॉक्टरांच्या वाटेवर मांडली. खाली चार निखारे, वर ओले कोळसे. आणि पदराने नाजूक वारा घालत बसले. आत्याबाई खिडकीतून बघत होत्या. किती वेळ बघतील?

"सरक वं! असा वारा नवरदेवाले घालते, सिगडीले नाही. मायनं काही शिकवलं का नाही तुले?"

फुंकून पेटवायला त्यांची ना नव्हती; त्या बाहेर येऊन सिगडीवर वाकल्या. पहिल्या फुंकरीला निखारे लाल झाले. दुसरीला राखेचा लोट उठला आणि फेरीवर आलेल्या डॉक्टरांच्या पांढऱ्या पॅंटवर बसला. मग धूर छातीत गेला, आणि आत्याबाई अशा खोकल्या की नळावरचे कावळे उडाले. शेवटी खाकरून त्यांनी मोठा बेडका मोरीत टाकला.

"धुरात पेशंट!" नर्स किंचाळली.

डॉक्टरांचं मात्र पॅंटकडे लक्षच नव्हतं. ते मोरीत वाकून बेडका बघत होते, चेहऱ्यावर सोनं सापडल्याचा आनंद. "हाच! हाच खोकला पाहिजे मला! मावशी, मग काडी का नाही विझवली?"

"तू पेटवाले कुठी सांगतलं?" आत्याबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी तिथल्या तिथे आत्याबाईंना आपल्यासोबत जिना चढायला लावला. वर पोचल्यावर धाप डॉक्टरांना जास्त लागली होती. ऑपरेशन ठरलं.

ऑपरेशनच्या सकाळी आत नेताना आत्याबाईंनी डॉक्टरांची बाही धरली. आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. "बाप्पा, मी आत असतानी काडी तोंडानं विझवू नको. हात झटक."

डॉक्टर हसले नाहीत. "बरं, मावशी," एवढंच म्हणाले.

गाठ निघाली. कफ आत्याबाईंनी असा काढला की शेजारच्या खाटेवरची बाई खाट बदलून मागू लागली.

टाके काढल्यावर डॉक्टर व्हरांड्यात गेले. सिगारेट पेटवली, काडी तोंडाशी आणली, गाल फुगवले. आणि खिडकीत आत्याबाई दिसल्या. गाल हळूच खाली बसले. त्यांनी हात झटकला.

"अर्धं काम झालं," आत्याबाई मला म्हणाल्या. "आता सिगरेट राह्यली."