त्रिंबकच्या टाचेवर माझा डोळा

मी एक जुना, गंजलेला, वाकडा खिळा आहे. मित्रांनो म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो, मित्रांनो! पण तुमच्यापैकी कुणी उकिरड्याकडं अनवाणी येणार असेल, तर त्यानं मैत्री विसरावी.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. देवगाव रंगारीच्या त्रिंबकनं मला शहरातल्या क्रांती चौकाजवळच्या दुकानातून मूठभर भावंडांसोबत आणलं आणि गोठ्याच्या पत्र्यावर ठोकलं. चौदा वर्षं मी तो पत्रा धरून ठेवला. एकदा वावटळीत शेजाऱ्यांचे पत्रे उडाले, आमचा जागचा हलला नाही. त्रिंबक वर बघून म्हणाला होता, "खिळा लई खमक्या निघाला!" त्या एका वाक्यावर मी कितीतरी पावसाळे काढले.

मग त्यानं गोठ्यावर स्लॅब टाकला. मला पकडीनं उपटलं, वाकडा झालो म्हणून शिवी हासडली आणि उकिरड्यावर भिरकावलं. गरज सरो, वैद्य मरो! तिथं शेणामातीत मला धनुर्वाताचे जंतू भेटले. डोळ्यांना न दिसणारे, पण माझ्यासारखेच डूख धरून बसणारे. त्या दिवशी मी ठरवलं, त्रिंबकची टाच सोडायची नाही.

पुढं दर पावसाळ्यात नदीचं पाणी गावात शिरायला लागलं, तेव्हा गावातल्या गड्यांनी बचाव पथक काढलं. त्रिंबक म्होरक्या. उकिरड्याशेजारच्या ओट्यावर दोर, बॅटऱ्या, शिट्ट्या, पाण्यात तरंगणारी जाकिटं मांडून तो सगळं तपासायचा. एकदा आरोग्य केंद्रातल्या सुकेशनी सिस्टर तिथं आल्या.

"त्रिंबकभाऊ, सामान तयार झालं. माणसं झाली का? धनुर्वाताची सुई शेवटची कधी घेतली?"

"साळंत टोचली व्हती की."

"त्याला चाळीस वर्षं झाली! मोठ्या माणसालाही दर दहा वर्षांनी घ्यावी लागते. तुम्ही तर पुराच्या चिखलात उतरणार. डॉक्टरांना विचारून काविळीच्या लशीचंही बघू."

"सुया लेकरायला, नायतर पोटुशा बायायला. आमाला काय करायच्या?"

म्होरक्या हसला म्हणून सारं पथक हसलं. सिस्टर गेल्या. चौदा वर्षांत त्रिंबक मला इतका आवडला नव्हता.

भादव्यात पाणी चढलं. त्या सकाळी उकिरडा फुटून वाहिला आणि मी वाटेवर येऊन पडलो, टोक वर करून. त्रिंबक शेळ्या सोडायला अनवाणी पळत आला. घुसलो! पार मुंडीपर्यंत घुसलो. काय तो ओरडला म्हणता!

त्यानं मला उपसून फेकलं. मग गावच्या रीतीप्रमाणं जखम दगडानं ठेचून रक्त काढलं, चुना-हळद भरली, वर फडकं बांधलं. बायकोला, दगडाबाईला, दम दिला, "कुणाला बोलू नको. म्होरक्याच लंगडा म्हनतील." दिवसभर तो तसाच पाण्यात माणसं काढत राहिला. मी मनात नाचत होतो. आता आठ दिवसांत, पंधरा दिवसांत याची दातखीळ बसणार, अंग धनुष्यासारखं ताठणार. माझं काम झालं होतं.

पण दगडाबाई! तिनं मला चिखलातून उचललं, पदराच्या गाठीला बांधलं आणि संध्याकाळच्या आत नवऱ्याला दंडाला धरून आरोग्य केंद्रात नेलं. सिस्टरपुढं गाठ सोडून म्हणाली, "ह्यो बगा, ह्यो घुसलाय."

त्रिंबक दारातूनच मागं फिरायला लागला. "कायी हुत नाय मला. लोकं अडकल्यात तिकडं."

"लोकायसाठी पुरात उडी घेता," दगडाबाई कडाडली, "अन् हितं पाय मागं? सुईचं भ्या वाटतं, व्हय ना? सांगा की मंग!"

त्रिंबक हळूच म्हणाला, "व्हय. लई भ्या वाटतं."

सुकेशनी सिस्टर हसल्या नाहीत. "मलाही वाटतं, भाऊ. डोळे मिटा." त्यांनी चुना-हळद धुऊन काढली, जखम खोलवर साफ केली. डॉक्टरांनी धनुर्वाताची लस दिली, वरून जखमेसाठीचं दुसरं इंजेक्शनही दिलं. मी टेबलावर पडून बघत होतो. माझा सूड माझ्या डोळ्यांदेखत धुतला गेला.

दगडाबाईनं मला परत पदराला बांधून घरी आणलं. मी दिवस मोजले. आठ झाले, पंधरा झाले, महिना झाला. त्याचा जबडा चांगला चालत होता, भाकरीही खात होता आणि शिव्याही देत होता. सिस्टरांनी सांगितलेल्या उरलेल्या सुया पुऱ्या करायला तो स्वतःच्या पायानं गेला, सोबत सगळं पथक घेऊन. रांगेत पहिला तोच, डोळे मिटून.

आता मी पथकाच्या खोलीत, दोरांशेजारी सुतळीला टांगलेला आहे. नवा गडी आला की त्रिंबक मला दाखवतो, "ह्याला बघ अन् आदी सुई घिऊन ये." भिरकावलं होतं तेव्हा एवढी लाज वाटली नव्हती.

पण मित्रांनो, मी हरलो असं समजू नका. भिंतीवर माझ्याच खाली त्रिंबकनं पुढच्या सुईची तारीख लिहून ठेवली आहे, दहा वर्षांनंतरची. मी ती रोज वाचतो. मला दहा वर्षं थांबता येतं. उकिरड्यावर माझी भावंडंही थांबली आहेत. घरी जाऊन तुमच्या आईबापांना विचारा, त्यांना त्यांची तारीख ठाऊक आहे का. ठाऊक नसेल, तर त्यांच्या टाचा आम्हाला ठाऊक आहेत.