शालिग्रामचा सत्कार

जळगावच्या त्या मोठ्या पाइप कंपनीत शालिग्रामची सगळी उमेदीची वर्षे गेली होती. प्लांटचे साहेब त्याला सुरुवातीपासून ‘पाटील’ म्हणून हाक मारीत. तो पाटील नव्हता. पण साहेबांची चूक दाखवायची त्यालाच लाज वाटे, म्हणून तो ‘जी साहेब’ म्हणत पुढे होई. त्यामुळे वर्धापनदिनाच्या सत्कारात यंदा त्याचेही नाव आहे हे कळले, तेव्हा त्याच्याहून त्याची बायको दिपमालाच जास्त हरखली. ‘‘चाला ना, उशीर व्हई ऱ्हायना,’’ म्हणत तिनेच त्याला घराबाहेर काढले.

सभागृहात बायका एका बाजूला, कामगार दुसऱ्या बाजूला. नाव पुकारले गेले आणि शालिग्राम शर्ट सारखा करीत उठू लागला, तोच पुढच्या रांगेतून दुसराच एक माणूस उठून सावकाश स्टेजकडे निघाला. वयाने त्याच्याएवढाच, पण चालण्यात कसलाही संकोच नसलेला. काहीतरी घोळ झाला आहे, कोणीतरी सांगेल, असे वाटून शालिग्राम अर्धवट उभाच राहिला.

‘‘बसा ना भाऊ, दिसत नाही,’’ मागून आवाज आला. तो बसला.

शिंदखेड्यात वडिलांना अग्नी देऊन हे त्याच संध्याकाळी मशीनवर हजर झाले, असे निवेदक सांगत होता. टाळ्या पडल्या. शालिग्रामची कानशिले तापली. सुतकात, धड न वाळलेल्या अंगाने पाइप तपासत उभे राहिल्याची ती लाज त्याने आयुष्यात फक्त दिपमालाजवळ बोलून दाखवली होती. स्टेजवरचा माणूस डोळे पुसत होता. साहेबांनी त्याच्या खांद्यांवर शाल घातली आणि ‘‘या, शालिग्राम,’’ म्हणून त्याला जवळ घेतले.

शेजारी त्याच्याच शिफ्टचा भटू बसला होता. ‘‘भटू, अरे, शालिग्राम तर मी...’’

अनोळखी माणसाकडे पाहून हसावे तसा भटू सभ्यपणे हसला आणि पुन्हा टाळ्या वाजवू लागला. सगळ्यांत आपणच तेवढे हात बांधून बसलो आहोत हे जाणवून शालिग्रामनेही टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

कार्यक्रम संपल्यावर गर्दीतून वाट काढीत तो पुढे गेला. दिपमाला त्या माणसाजवळ उभी होती, त्याच्या खांद्यावरची शाल नीट करीत होती. तिच्या चेहऱ्यावरचा असा आनंद शालिग्रामने लग्नापासून पाहिला नव्हता, आणि तो पाहताच त्याची पावले अलीकडेच थांबली. तिने वर पाहिले. परक्यांशी बोलताना बोलत असे तशा शुद्ध मराठीत, डोक्यावरचा पदर सारखा करीत ती म्हणाली,

‘‘भाऊ, आमच्या दोघांचा एक फोटो काढून देता का?’’

शालिग्रामने फोन घेतला. तो माणूस त्याच्याकडे पाहत शांतपणे वाट बघत होता.

‘‘वहिनी,’’ शालिग्राम म्हणाला, ‘‘जरा जवळ सरका.’’