ट्रॉली उतरली, पोती चढली

मित्रांनो, मी विमानातली एक जुनी ट्रॉली आहे. दोन रांगांमधल्या चिंचोळ्या वाटेतून खडखडत येणारी आणि डुलकी काढणाऱ्या काकांच्या कोपराला नेमकी धडकणारी ती मीच. धडका मारायची मला हौस नाही. वाटच तेवढी अरुंद, आणि कोपरं मात्र ऐसपैस.

माझा जन्म एका कारखान्यात पत्रा ठोकून झाला. अंगाने मी सडपातळ, पण वजनाला भारी. पोटात जेवणाची ताटं, डोक्यावर चहा-कॉफीच्या किटल्या. आमच्या छोट्या विमानाच्या शेपटीकडे माझा कोपरा होता आणि शेजारी मोठ्या ताईंची खुर्ची. ताई हवाईसुंदरी. माझं एक चाक नाठाळ. ताई त्याला गुडघ्याने हलकेच ढकलून वळणावर आणत. मी दिसले की रडणारी पोरं गप्प होत. मला तेव्हा फार गर्व झाला होता, खोटं कशाला बोलू.

मग कंपनीची साडेसाती सुरू झाली. इंधन महागलं, दुसऱ्या कंपनीने तिकिटं मातीमोल केली, आमच्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या जाऊ लागल्या, लोकांचे पगार थकू लागले. खर्च कापायला एक नवे साहेब आले. पाठीमागे सगळे त्यांना कातरसाहेब म्हणत. त्यांनी जेवणाचं सँडविच केलं, सँडविचचं बिस्कीट केलं आणि बिस्किटाचं पाणी. शेवटी त्यांची नजर माझ्याकडे वळली.

"जितकं वजन कमी, तितकं इंधन कमी," ते म्हणाले. "ही ट्रॉली उतरवा. आणि ढकलायला ट्रॉलीच नाही, तर मागे माणूस तरी कशाला?"

एका दगडात दोन पक्षी. मी गोदामात आणि ताई घरी. नवऱ्याचं दुकान बंद पडलेलं, मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. अख्खं घर ताईंच्या पगारावर चालायचं.

काही दिवसांनी ताई गणवेश परत करायला गोदामात आल्या. तिथे माल चढवणाऱ्यांचे मुकादम फाटकी पोती बदलून नव्या पोत्यांत वाळू भरत होते.

"बांधकाम काढलंय की काय?" ताईंनी विचारलं.

"नाही हो. मागचं सामान काढलं आणि विमान नाकाकडे जड झालं. कॅप्टन म्हणाले, शेपटीत वजन ठेवा, नाहीतर मी उडवणार नाही. आठवडाभर ही पोतीच उडतायत, ताई. तुमच्या जागी."

ताई हसल्या, आणि हसता हसताच त्यांचे डोळे भरून आले. मला तर रडूच कोसळलं. आयुष्यभर लोकांची तहान भागवली, आणि माझ्या जागी वाळू!

तेवढ्यात कातरसाहेब पोती बघायला आले. मागोमाग कॅप्टन.

"साहेब, वजन होतं तेवढंच झालंय," कॅप्टन म्हणाले. "फरक इतकाच, काल एका आजींनी पाणी मागितलं तर पोतं काही उठलं नाही."

साहेबांनी टाय सारखा केला. मग ताईंना म्हणाले, "उद्यापासून या तुम्ही. ट्रॉलीही चढवू."

"येते की. पण आधी माझे थकलेले तीन पगार द्या."

"कंपनीची परिस्थिती तुम्ही जाणताच."

"जाणते, म्हणून तर इतके दिवस गप्प बसले." ताई मुकादमांकडे वळल्या. "काय हो, ही वाळू उधारीवर आणलीत का?"

"छे. वाळूवाला रोख घेतल्याशिवाय पोतं खाली ठेवत नाही."

साहेबांनी फोन काढला आणि ताईंचे पगार त्याच दिवशी द्यायला सांगितले.

मित्रांनो, कंपनी अजून तोट्यातच आहे आणि माझ्या पोटात अजून नुसतं पाणीच असतं. घर असो की कंपनी, हात आखडता घ्यायची वेळ कुणावरही येते. आली तर जरूर घ्या. फक्त वाळूला रोख आणि माणसाला उधारी, असं कधी करू नका.