पुसलेलं रानडुक्कर

वाचकहो, मी एका भारदस्त घराण्याचा चांदीचा ट्रे. घराण्याची ओळख आता माझ्या अंगावर दिसत नाही, म्हणून तोंडाने सांगावी लागते.

लंडनच्या एका कारागिराने मला ठोकून घडवलं आणि मधोमध इंग्लंडातल्याच श्रॉपशर परगण्याच्या मॉर्डन्ट घराण्याचं कुलचिन्ह कोरलं: चवताळलेलं रानडुक्कर, वर तीन तारे. घराण्याचा मूळ पुरुष लोकरीचा व्यापारी. त्याने डुक्कर पाहिलं ते ताटातच. पण घरात समृद्धी आली की पूर्वजही शूर होतात.

दारी आलेले पाहुणे आपलं नावाचं कार्ड माझ्यावर ठेवत. आत मालकीणबाई ते वाचून "बाई घरी नाहीत" असा निरोप देत. याला तिथे शिष्टाचार म्हणत.

माझा खरा सोबती टिंडल, घरचा बटलर. दर गुरुवारी चांदी उजळायची लाल भुकटी ओली करून तो उघड्या अंगठ्याने मला घासायचा. फडकं वापरणाऱ्यांना तो कामचुकार म्हणे. अशी पंचावन्न वर्षं गेली. अंगठ्याचं पार जोड्याचं कातडं झालं. "बघ, तुझं तोंड दिसतंय का यात?" असं तो प्रत्येक नव्या मोलकरणीला ऐकवायचा.

मग घरचे मालक सर विल्फ्रेड वारले आणि त्यांच्या पत्नी लेडी आयसोबेल मोठं घर सोडून दोन खोल्यांत राहायला निघाल्या. विकायचं सामान पाहायला शहरातून एक पारखी आला. त्याने मला खिडकीपाशी नेऊन तिरपं धरलं.

"अरेरे. डुकराची नुसती शेपटी उरलीय. घासून घासून चिन्हच घालवलं. कुठल्या मूर्खाचं काम हे?"

टिंडल चहा घेऊन दारात उभा होता. तो आत आलाच नाही. इतक्या वर्षांत त्याचा चहा दारातच निवायची ही पहिलीच वेळ.

"माझं," लेडी आयसोबेल म्हणाल्या. "लग्न होऊन आले तेव्हापासून घासतेय. सासरचं ते डुक्कर मला कधीच आवडलं नाही."

पारख्याने त्यांच्या मऊ बोटांकडे पाहिलं आणि तो आपला चष्मा पुसू लागला.

तो गेल्यावर टिंडल म्हणाला, "बाईसाहेब, भुकटीचा डबा कुठे असतो, ते तरी ठाऊक आहे का तुम्हाला?"

"नाही. आणि चहा निवलाय, टिंडल."

त्याने दुसरा चहा आणला. मग मला पुढ्यात घेऊन मधोमध अंगठा टेकवला आणि बराच वेळ न घासता नुसता बसून राहिला.

आज मी एका दुकानाच्या काचेच्या कपाटात आहे. गिऱ्हाइकं विचारतात, "मधे रिकामंच आहे, आमचं चिन्ह कोरून मिळेल?" मिळेल की. नक्षी कोरणारा शेजारीच बसतो.

पण मला घरी नेलंत तर तिथे काही कोरू नका, एवढीच विनंती. मॉर्डन्ट घराण्यात पुरुष पुष्कळ झाले. टिंडल एकच झाला, आणि तो तिथे आहे.