मी फणी नाही

मित्रांनो, मी एक जुना, बोथट सुयांचा रोलर आहे आणि मला फार राग आलेला आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा गरीब स्वभावाच्या असतात. मी तसा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

हातात धरायला प्लास्टिकची दांडी, टोकाला छोटं चाक, चाकावर पाचशे चाळीस बारीक सुया, असा मी आहे. केस विरळ झालेल्या डोक्यावर मला हलकेच फिरवतात. कातडीला टोचण्या बसतात, ती स्वतःची डागडुजी सुरू करते आणि त्या गडबडीत केसांची थकलेली मुळं कधीकधी जागी होतात. कधीकधी, म्हटलं मी! मोबाईलवरची ती जाहिरात मात्र छातीठोक सांगते की महिनाभरात डोकं भरेल. उचलली जीभ लावली टाळ्याला. त्या जाहिरातवाल्याच्याच डोक्यावरून मला एकदा फिरायचं होतं.

मी पार्सलातून साकोलीला आलो तो अश्वजितच्या घरी. अश्वजित नाटकात काम करणारा माणूस. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, मंडई म्हटली की नाटक आलं, आणि एका कंपनीच्या नाटकांत अश्वजित अकरा वर्षं हिरो होता. पण टाळूवरचे केस विरळ होऊ लागले. वरून दिवा पडला की कातडी चमकायची. टोप घालून पाहिला, तर मारामारीच्या प्रसंगात तो खलनायकाच्या हातात आला आणि अख्खं गाव हसलं. त्या उन्हाळ्यात कंपनीचे मालक भोजराज यांनी त्याला बोलावून सांगितलं, "मंडईपर्यंत पायतो. केस नाही आले तं औंदा हिरोचा बाप तूच."

चौतिसाव्या वर्षी बाप! त्याला रात्रंदिवस तेच खुपायला लागलं. शेवटी त्याची बायको रत्नमाला त्याला एसटीत बसवून भंडाऱ्याच्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, औषध रोज लावा, त्याच्या जोडीला रोलर पंधरा दिवसांतून एकदा, फिरवला त्या दिवशी औषध नको. काहींना फायदा होतो, काहींना होत नाही, हमी मी देत नाही. आधी आणि नंतर रोलर स्पिरिटमध्ये बुडवायचा, दहा वेळा वापरला की फेकायचा, आणि दुसऱ्या कुणाच्या डोक्याला लावायचा नाही. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं. मित्रांनो, दोनदा!

रत्नमालाने सगळं बिनचूक केलं. पंधरा दिवसांनी, रविवारी सकाळी, ती त्याला खिडकीपाशी बसवायची, हात साबणाने धुवायची आणि मला इतक्या हलक्या हाताने फिरवायची की रक्ताचा टिपूस येत नसे. अश्वजित उतावळा, रोज फिरव म्हणायचा. ती ऐकत नसे. पाचव्या महिन्यात तिला टाळूवर बारीक काळी लव दिसली आणि ती चक्क रडली. माझीही छाती फुगली, खोटं कशाला बोलू? श्रेय औषधाचं होतं, तिच्या हाताचं होतं, थोडं माझंही होतं. भोजराजांनी डोकं उजेडात निरखून पाहिलं आणि हिरोचं काम अश्वजितला दिलं.

मग कंपनी दौऱ्यावर निघाली. रोलर घरीच ठेव, असं रत्नमाला म्हणाली होती. त्याने ऐकलं नाही, मला पेटीत टाकलं.

आता रंगपटाची रीत सांगतो, कारण सगळं तिथेच नासलं. आमच्या कंपनीच्या रंगपटात एक आरसा, एक फणी, पावडरचा एक डबा. सगळे एकाच ताटात जेवणार, एकाच लोट्याने पाणी पिणार. कोण कुठल्या घरचा, कोण कुठल्या वस्तीतला, हे तिथे कुणी विचारत नसे, आणि अश्वजितला त्या जागेचा फार अभिमान होता. त्याच्या आजोबांनी आयुष्यभर 'हात नको लावू' हे ऐकलं होतं. तेच शब्द आपल्या तोंडून निघावेत, हे त्याला सहन होणारं नव्हतं.

एके दुपारी नटांची तोंडं रंगवणाऱ्या परसरामने मला पेटीत पाहिलं. वय पन्नास, डोकं तळहातासारखं गुळगुळीत. हसून म्हणाला, "काहून बाबू, एकटाच सुंदर होऊन राहिला का? आन इकडं."

अश्वजितला डॉक्टरीणबाई आठवल्या. मला ठाऊक आहे, कारण मी त्याच्या मुठीत होतो आणि मूठ आवळली गेली होती. तरीही त्याने मला पुढे केलं.

परसरामनंतर आणखी पाच जण. सहा डोकी, आणि सातवं अश्वजितचं. स्पिरिट कुठलं? टॉवेलला पुसलं की झालं. परसरामच्या गुळगुळीत डोक्यावर मी काय उगवणार होतो, दगडावर धान? एकाच्या मानेवर पिकलेलं गळू होतं, त्यावरूनही मी फिरलो. रक्त निघेपर्यंत दाबायचे, जोर लावला की जास्त उगवतं म्हणे! अरे, मी फणी नाही! माझ्या सुयांना एकाचं रक्त लागतं आणि दुसऱ्याच्या डोक्यात जातं. मी ओरडत होतो, पण वस्तूचं कोण ऐकतो? सगळे रोज फिरवतात म्हणून अश्वजितही रोज फिरवू लागला, आणि त्या ताज्या टोचण्यांवर संध्याकाळी रंग चोपडून नाटकाचा फेटा बांधू लागला.

आठव्या दिवशी टाळूत पू झाला. ताप चढला. भंडाऱ्याला नेऊन गळू फोडावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी सातही जणांचं रक्त तपासायला लावलं. सुदैवाने काही निघालं नाही, तरी तीन महिन्यांनी पुन्हा या म्हणाल्या. अश्वजितला सांगितलं, जिथे पिकलं तिथली मुळं मेली, तिथे आता केस येणार नाहीत. रत्नमालाने घरातली स्पिरिटची बाटली मोरीत ओतून टाकली. तिचं ते ओतणं मला अजून टोचतं, आणि टोचणं हा तर माझा धंदा आहे.

हिरोचं काम ईश्वर नावाच्या नव्या नटाकडे गेलं. अश्वजित त्याचा बाप झाला. आणि खापर कुणावर फुटलं? माझ्यावर! मशीनच फालतू, भोजराज सगळ्यांना सांगत सुटले. नाचता येईना अंगण वाकडं.

परवा ईश्वर कंगव्यात अडकलेले केस बघत रंगपटात आला आणि त्याने मला मागितलं. परसराम म्हणाला, दे ना, कायले सांभाळून ठेवतोस? अश्वजितने मला मुठीत धरलं. आवाज चढवला नाही.

"परसरामभाऊ, एका ताटात जेवू, मरेपर्यंत जेवू. पन रगत ज्याचं त्याच्यापाशी राहू द्या. हे कोनालेच भेटनार नाही."

मग परसरामने ईश्वरला डॉक्टरीणबाईंचा पत्ता सांगितला.

अश्वजितने मला पत्र्याच्या डबीत घालून वर चिकटपट्टी लावली आहे. उद्या तो मला भंडाऱ्याच्या दवाखान्यात, वापरलेल्या सुयांच्या डब्यात टाकणार आहे. मित्रांनो, इतर वस्तू तुम्हाला विनवतात की आम्हाला जपा. मी सांगतो, मला जपू नका. तुमची भाकर वाटा, पाणी वाटा, आरसा वाटा. माझ्यासारखा कुणी हाती आला, तर स्वतःपुरता वापरा, वेळेवर फेकून द्या, आणि कुणी मागितला तर तोंडावर नाही म्हणा.